पिस्ता रंगाचा खांब

१

खालची फळी रिकामी होती.

वरच्या फळीवर पहिल्या इमारतीचे कोर ओळीनं उभे होते. कोर म्हणजे खांबात यंत्र घालून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब. तो दाबयंत्रात चिरडायचा, किती दाबाला फुटला ते पाहायचं आणि त्यावरून इमारतीत दम किती ते ठरवायचं. फुटलेले तुकडे तारेनं बांधून ठेवून देतात, उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला. आता जाब विचारायची वेळ आली होती. खालच्या फळीच्या कडेला खडूनं 'दुसरी' असं लिहिलेलं होतं, आणि त्या अक्षरांमागं काहीच नव्हतं.

दुसरी इमारतही आता नव्हती. भूकंपात तिचा तळमजला बसला आणि वरचे मजले त्याच्यावर एकावर एक येऊन पडले. तिची जुळी, तोच नकाशा, तोच बिल्डर, मध्ये फक्त एक गल्ली, ती मात्र उभी राहिली. दोघींचा तपासणी अहवालही एकच होता. 'मोठा धक्का आला तर तडे जातील, दारं अडकतील, पण माणसं चालत बाहेर येतील.' पहिलीतली माणसं चालत बाहेर आली. दुसरीतली स्ट्रेचरवरून आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडावर चादर होती.

"चोरी आहे ही. सरळ चोरी," साहेब म्हणाले. तपासणीची ही कंपनी त्यांची. शर्टाला इस्त्री, आवाजाला त्याहून कडक.

चौकशी समितीनं कोर ताब्यात घ्यायला जिला पाठवलं होतं, तिला या धंद्यातले सगळे भेगबाई म्हणत. पडक्या आणि पडायला आलेल्या इमारतींच्या भेगा वाचण्यात तिची हयात गेली होती. नावाचा तिला राग नव्हता. तोंडावर भेगबाई म्हणणारे तरी बरे, असं ती म्हणायची, मागून काय म्हणतात ते माहीत आहे.

"कुणावर संशय?"

"नाव घ्यायला जीभ रेटत नाही बाई. पण भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी या खोलीत एकच माणूस येऊन बसला होता." साहेबांनी आवाज खाली आणला. "आमचा गणित्या. सगळा हिशोब त्याचा. दुसरीचे कोर हलके निघाले असणार, पठ्ठ्यानं आकडे चढवून घातले असणार. आता तोंड दाखवायला जागा नाही म्हणून कोरच गायब केले. मी तर उद्या पोलिसांत तक्रार देतोय."

"तो काय म्हणतो?"

"काही बोलतच नाही. 'चूक माझी असेल', एवढंच. यापेक्षा कबुली काय वेगळी असते?"

दाराशी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे असलेले कोठारवाले काका इतका वेळ जमिनीकडे पाहत होते. ते खाकरले.

"त्याची आई होती ना बाई त्या दुसरीत. तळमजल्याला."

२

साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. भेगबाई खालच्या फळीसमोर उकिडवी बसली.

"काका, ही फळी पुसता कधी?"

"फडकं म्हणून या खोलीला माहीत नाही. खोटं कशाला बोलू?"

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. गणित्यानं माझी मागून घेतली. म्हणाला, काका, मला जरा कोर बघू द्या. आईचं तर अजून काही हाती आलं नव्हतं तेव्हा. काय नाही म्हणणार? आत बसला, तासाभरानं किल्ली परत दिली नि गेला. मी काही आत डोकावलो नाही. रडत असेल, म्हटलं, उगाच."

"हातात पिशवी?"

"हात मोकळे होते. पण बाई, मी काय तपासायला बसलो होतो का त्याला?"

"कोर इथं आणून कोण ठेवतं?"

"गिरमिट. आपला ड्रिलवाला हो. तोच काढतो, तोच वर रंगानं इमारतीचं नाव घालतो, तोच आणून ठेवतो."

फळीच्या फटीत नख घालून भेगबाईनं काहीतरी उकरून काढलं. चिंचोक्याएवढा खडा. तांबूस, गुळगुळीत, नदीत लोळून गोल झालेला, एका अंगाला सिमेंट चिकटलेलं. तिनं वरच्या फळीवरचा एक कोर उचलून पाहिला. त्यातही तसेच तांबूस गोटे, लाडवातल्या मनुकांसारखे.

जुळ्या इमारती. एक नकाशा, एक बिल्डर. खडी एकच असणार, यात नवल ते काय? तिनं खडा खिशात टाकला.

पण तिथून ती थेट ढिगाऱ्यावर गेली. यंत्रानं दुसरीचे खांब एका बाजूला रचले होते, ओंडके रचतात तसे. त्यातला एक अजून रंग बाळगून होता. पिस्ता रंग, वरपासून खालपर्यंत एकसंध, जणू कालच दिलेला. मोडलेल्या टोकाला ती वाकली. काँक्रीट हाताला भुसभुशीत लागलं, बोटानं खरवडलं तर वाळू गळाली. तिच्यातून खडी बाहेर आली होती.

काळी. धारदार, यंत्रात फोडलेली, काळी कुळकुळीत.

भेगबाईनं खिशातला तांबूस खडा काढून तिच्याशेजारी धरला. मग तिनं दोन्ही खिशात टाकले आणि गल्ली ओलांडून पहिलीकडे गेली.

३

पहिली इमारत रिकामी होती. दारं अर्धवट उघडी अडकलेली. माणसं जीव घेऊन पळाली तेव्हाचे चपलांचे जोड जिन्यावर तसेच पडलेले. परत कधी जायचं, हे समिती सांगणार होती. तोवर कुणी नातेवाइकांकडे, कुणी शाळेच्या वर्गात. सामान न्यायला येणाऱ्या बायका भेगबाईला सांगत, गल्लीतून अजून पडलेल्या इमारतीच्या पंपाचा आवाज येतो. एक तर म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात आजवर कधी ऊन आलं नव्हतं. पलीकडची इमारत आड यायची. आता दुपार झाली की ओट्यावर ऊन येऊन बसतं. मला त्या उन्हाची भीती वाटते हो."

तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या घरात गणित्या जमिनीवर बसला होता. शेजारी उघडा लॅपटॉप. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"हे घर कुणाचं?"

"कुणाचं तरी," तो म्हणाला. "पण आईचं असंच होतं. तंतोतंत, फक्त या भिंती पांढऱ्या, तिच्या पिस्ता. इथं तिची खुर्ची, इथं फ्रिज. खिडकीतून तिला हे घर दिसायचं, आता मला तिचं दिसतं. म्हणजे दिसत नाही." त्यानं मान वर केली. "साहेबांनी धाडलंय का ताई? घेऊन चला. मी कुठं सही करायची ते सांगा."

"आधी कोरांचं सांग. तूच नेलेस?"

"नाही. मी फक्त पाहिले. हातात घेऊन पाहिले, एकेक. मी निघालो तेव्हा होते फळीवर."

"कसे होते?"

"चांगले होते!" त्याचा आवाज एकदम चढला. "घट्ट होते, ताई. भोक नाही, पोकळी नाही. तेच तर कळत नाही मला. कोर वाईट असते तर म्हटलं असतं, बिल्डर चोर. कोर चांगले, म्हणजे चूक हिशोबातच. पूर्वी लोक विचारायचे, इमारत नियमात बसते का? बसते, नाही बसत, संपलं. आम्ही तिला कॉम्प्युटरवर बांधतो नि खरे धक्के देतो. शंभर वेगवेगळे भूकंप. कुठं तडा जाईल, जिना राहील का, माणूस बाहेर पडेल का, सगळं बघतो. आई म्हणायची, 'लांबण नको लावूस, पडणार की नाही ते सांग.' मी म्हटलं, 'शंभरातल्या दोनदा पडते.' तर म्हणाली, 'मग त्या दोघांना निरोप दे, आमच्या घरी येऊ नका म्हणावं.'"

तो हसला आणि ते हसू मध्येच कुठंतरी अडकलं.

"ती बहिणीकडे जाऊन राहायला निघाली होती. मी म्हटलं, राहा निर्धास्त. माझा हिशोब आहे."

भेगबाईनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्यावर इमारतीचा सांगाडा होता आणि मोठ्या धक्क्यात तडे जातील ते सांधे लाल दाखवले होते. ती उठली. पडद्यावर पाहायची, मग भिंतीकडे. दाराच्या वरच्या कोपऱ्यात तडा, तिथंच लाल. जिन्याच्या वळणावर चीर, तिथंच लाल. ती सगळा तळमजला फिरून आली. भेगा वाचण्यात केस पांढरे झाले होते, पण भेगा पडायच्या आधी कुणी इतक्या अचूक लिहून ठेवल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

"गणित्या, लेका, तुझा हिशोब बरोबर आहे."

"या इमारतीपुरता."

"तेच म्हणतेय मी. या इमारतीपुरता."

भेगबाई त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होती. तो ज्या खांबाला रोज पाठ टेकून बसायचा त्या खांबावर, भूकंपानं हादरून निघालेल्या रंगाखालून, एक बारीक गोल चीर उमटली होती. कोर काढलेलं भोक सिमेंटनं बुजवतात, त्या ठिगळाची कड. धक्क्यानं ती उघडी पडली होती.

आणि तिच्या खाली, हातभर अंतरावर, त्याच्या खांद्याआडून अर्धी दिसणारी, तशीच आणखी एक.

४

गिरमिट एका नव्या बांधकामावर भोकं पाडत होता. यंत्रातून करडा चिखल उडून त्याच्या ढोपरापर्यंत माखला होता. भेगबाईला पाहताच त्यानं बटण बंद केलं.

"या ताई. भेगा संपल्या का? इथं आलात?"

"तुझी भोकं बघायला आले. एका खांबातून कोर किती काढतोस रे?"

"एक. एकच काढायचा. जास्त काढले तर कॉलमच पोखरला की."

"दोन्ही इमारतींत काढलेस?"

"म्हणजे काय! दिवसभर कंबर मोडली."

"तळमजल्याच्या त्या मावशींच्या घरात काढलास ना? गणित्याच्या आईच्या? हा चिखल उडाला असेल भिंतीवर. बोलल्या असतील तुला."

"बोलल्या ना! जाम बोलल्या." गिरमिट मोकळा हसला. "पांढऱ्याफेक भिंती, त्यावर हे असलं. मीच पुसून दिलं शेवटी."

"पांढऱ्या?"

"पांढऱ्याच की."

"पिस्ता रंग होता, गिरमिट. पांढऱ्या भिंती पहिलीतल्या घरात आहेत. तू दुसरीत पायच ठेवला नाहीस."

त्यानं यंत्राकडे पाहिलं, जणू तेच काहीतरी उत्तर देईल.

"पहिलीच्या एका खांबावर दोन ठिगळं आहेत. मग मी बाकीच्या घरांतले खांब ठोकून पाहिले. सगळीकडे दोन-दोन. एक कोर पहिलीच्या नावाचा आणि दुसरा?"

"ताई, माझी बायकोपोरं आहेत."

"त्या इमारतीतही होती."

गिरमिट मटकन खाली बसला, तिथंच, चिखलात. "साहेबांनी सांगितलं. म्हणाले, दुसरीत परवानगी नाही. दोन्ही एकच आहेत, इथूनच दोन-दोन काढ आणि अर्ध्यांवर दुसरीचं नाव घाल. मला वाटलं, एकच असतील. सगळेच म्हणत होते, एकच आहेत. भूकंपानंतर साहेबांनी गाडी काढली. म्हणाले, दुसरीचे कोर उचल. मीच उचलले." त्यानं समोरच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. पायाच्या त्या खड्ड्यात ताजं काँक्रीट ओतलेलं होतं. "त्याच्याखाली आहेत."

"परवानगी का नव्हती? नाही कोण म्हणालं?"

गिरमिटनं तोंड फिरवलं.

"ते साहेबांना विचारा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

५

साहेबांनी तिला चहा विचारला. तिनं नको म्हटलं आणि तांबूस खडा नि काळी खडी, दोन्ही त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही म्हणालात, कोर हलके होते म्हणून पळवले. मीही तसंच धरून चालले होते. वाईट माल लपवतात, कुणालाही असंच वाटणार. पण गणित्यानं ते भूकंपानंतर हातात घेऊन पाहिले होते आणि ते उत्तम होते. ते चांगले होते म्हणूनच ते लपवायला हवे होते, साहेब. कोसळलेल्या इमारतीचे कोर इतके चांगले कसे, हे समितीनं विचारलंच असतं. एकानं जरी ढिगाऱ्यातला तुकडा आणून शेजारी ठेवला असता तर खेळ खलास. कोरात नदीतले गोटे, ढिगाऱ्यात काळी फोडलेली खडी. दुसरी इमारत नंतर बांधली, माल बदलला, पाणी वाढवलं. वरून दोघी सारख्याच दिसत होत्या."

"किल्ली काकांकडेही होती..."

"काकांना कोर बदललेले माहीतच नव्हते, ते कशाला लपवतील? गणित्यालाही माहीत नव्हतं. असतं तर आई त्या घरात राहिली असती का? गिरमिटला माहीत होतं, पण त्याच्याकडे किल्ली नाही. माहिती आणि किल्ली, दोन्ही असलेला माणूस एकच उरतो. आणि गिरमिटनं मला तोंडानं सांगितलंय. समितीलाही सांगेल."

साहेब खुर्चीत मागं रेलले, आणि भेगबाईच्या लक्षात आलं की हा माणूस अजून हरलेला नाही.

"ठीक आहे. मग त्या गणित्याला हेही सांगा, की दुसरीत ड्रिल नको म्हणून मला फोन कुणी केला. त्या मावशी सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला माणसं यायची होती, घराला नुकताच रंग दिला होता. म्हणाल्या, 'तुमचं ते यंत्र चिखल उडवतं. बाजूचीतून घ्या ना, दोन्ही सारख्याच तर आहेत. आणि माझ्या मुलाला सांगू नका, तो चिडेल.' सगळी इमारत त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती." ते पुढं झुकले. "मी तक्रार देत नाही. तुम्ही गप्प राहा. हिशोबात चूक निघाली, एवढंच लिहू. नोकरी जाईल, पण त्याची आई त्याच्याकडे राहील. की ती पण काढून घेता?"

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, त्या आवाजानं साहेब दचकले. भूकंपापासून सगळेच दचकत होते. तेही माणूसच होते, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"तिनं नाही म्हटलं," ती म्हणाली. "तिचं घर, तिचा रंग, तिला तो हक्क होता. ती काही इंजिनिअर नव्हती. तुम्ही एवढंच लिहायचं होतं, 'दुसरीची तपासणी झालेली नाही.' एक ओळ, साहेब. तिनं तुम्हाला कोर घेऊ नका म्हटलं होतं. खोटे बनवा म्हटलं नव्हतं. मेलेल्या बाईच्या पदराआड लपताय? उठा. समितीसमोर जायचंय."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिलीत गेली. गणित्या तिथंच होता, फक्त आता खांबाला पाठ टेकून नव्हे, खांबाकडे तोंड करून. दोन्ही ठिगळांवर त्याचे दोन हात होते.

"दोन आहेत," तो म्हणाला. "काल तुम्ही बघत होतात म्हणून मी पाहिलं. इतके दिवस पाठीला टोचत होतं ताई, आणि मला वाटायचं, झोप नाही म्हणून पाठ दुखते."

तिनं त्याला सगळं सांगितलं. खडी, पायाचा खड्डा, साहेब. मग थांबली. आयुष्यभर तिनं लोकांना त्यांची घरं राहण्यालायक नाहीत असं सांगितलं होतं. पण हे त्याहून अवघड होतं.

"परवानगी तुझ्या आईनं नाकारली. रंगासाठी."

त्यानं ठिगळांवरचे हात काढून घेतले.

"पिस्ता," तो म्हणाला. "मीच निवडला होता. ती म्हणत होती, पांढरा दे, स्वस्त पडतो." आणि मग, "मी आलो तेव्हा खांबावर डाग नव्हता. मला वाटलं, कोर काढून मगच रंग दिला. ती काही बोलली नाही. नुसती हसली. मला वाटलं, रंग आवडला म्हणून हसतेय."

भेगबाई त्याच्या शेजारी टेकली. पलीकडे इमारत नव्हती म्हणून येऊ शकलेलं ऊन फरशीवरून सरकत त्यांच्या पायांशी आलं होतं.

"कोर नसते मिळाले तर तू काय केलं असतंस?"

"वाईटात वाईट धरलं असतं. माहिती नसली की तसंच धरायचं, रीतच आहे आमची. आणि मग ती पडली असती." त्यानं लॅपटॉपवर हात ठेवला. "इथं पडली असती, ताई. माझ्या टेबलावर. मी धावत जाऊन आईला हाताला धरून बाहेर काढलं असतं, रंग गेला खड्ड्यात."

"म्हणून म्हणते, तुझा हिशोब चुकला नाही. ही इमारत दुरुस्त होईल, माणसं परत येतील, ती तुझ्याच हिशोबावर. उद्या समितीसमोर ताठ मानेनं ये."

त्यानं मान डोलावली, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. सांगाडा तोच, वर नाव 'दुसरी'.

"सकाळी ढिगाऱ्यातला तुकडा दाबून आणला. खरे आकडे घातले. तेच शंभर भूकंप दिले."

त्यानं कळ दाबली. सांगाडा थरथरला, तळमजल्याचा एक कोपरा लाल झाला, झुकला आणि सगळी इमारत त्या कोपऱ्याकडे बसत गेली. आवाज नाही, धूळ नाही. दुसरी कळ, पुन्हा तेच. पुन्हा. भेगबाईनं त्याचं मनगट धरलं.

"पुरे. कशाला बघतोस?"

"पडतात त्या नाही बघत." त्यानं हळूच हात सोडवून घेतला आणि पुढचा भूकंप लावला. सांगाडा डोलला, कलला, लाल झाला, आणि थांबला. उभा. "शंभरातल्या अकरा धक्क्यांत ती उभी राहते. खांब फुटतात, पण दार उघडतं, जिना राहतो. या अकरांत ती चालत बाहेर येते. चप्पल विसरते, परत आत जायला निघते, शेजारचे ओढून आणतात." तो एकेक लावत गेला, आणि प्रत्येक वेळी इमारत थरथरून उभी राहिली.

शेवटचा थांबला तेव्हा ऊन त्याच्या पायांवरून सरकून खांबावर चढलं होतं.

"या अकरांतला एकही," गणित्या म्हणाला, "आमच्या घरी आला नाही."